फ्रोझन एग्जचे एम्ब्रियो खरंच स्लो असतात का?

माधवी_मांजलपूर
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याची, वय ३९. २०१९ मध्ये, ३३ व्या वर्षी, मी एग्ज फ्रीझ केली होती. तेव्हा लग्नाचं काही जुळत नव्हतं, आई आजारी होती, आणि एएमएच (अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) कमी निघाल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीनेच सुचवलं की बाई आत्ताच करून ठेव. १४ निघाली, त्यातली ११ मॅच्युअर होती, ती ठेवली. २०२३ मध्ये लग्न झालं, नवरा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, स्वभावाने फार चांगला. वर्षभर नॅचरली वाट पाहिली, मग दुसरं वर्ष तपासण्यांत गेलं, शेवटी आता डिसेंबरात ती एग्ज बाहेर काढली. ११ पैकी ९ जगली, ६ फर्टिलाइझ झाली. पाचव्या दिवशी फोन आला की एकच ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याइतपत वाढलेला एम्ब्रियो (भ्रूण), झालंय, बाकीची बघू. सहाव्या दिवशी आणखी दोन. तिन्ही परत फ्रीझ केली.

समजावून घ्यायला गेले तर डॉक्टर घाईत होते, उठता उठता म्हणाले, फ्रोझन एग्जचे एम्ब्रियो असेच स्लो असतात. एवढंच. बाहेर काउन्सेलर म्हणाली, बेन, टेन्शन नहीं लेवानुं. पण टेन्शन आलंच ना. वरून उत्तरायणला सगळे गच्चीवर जमलेले, उंधियू जिलेबी चाललेली, तिथे सासूबाईंच्या मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या की शिळ्या बीजाला कोंब कसा जोमाने फुटेल. मी खाली येऊन बाथरूममध्ये रडले.

माझे प्रश्न साधे आहेत. गोठवल्याने बीजाचं नक्की काय होतं, पुढे एम्ब्रियो वाढताना ते दिसतं का, आणि बाळ झालंच तर त्याच्यात काही कमी राहील का. गुगल करून करून डोकं बधिर झालंय. माहिती असलेल्यांनी प्लीज लिहा, खोटा धीर नको.

रावपुरा_वाडा
माधवी, आधी त्या मावशींचं मनातून काढून टाक गं. मेडिकलचं मला कळत नाही पण ११ मधून ३ राहिली म्हणजे वाईट आहे असं वाटत नाही. इथे पेट्रीडिश म्हणून एक आयडी आहे, त्या लॅबमध्येच काम करतात, त्यांना निरोप टाकलाय.

तन्मय_गोत्री
कडू वाटेल पण लिहितो. एग फ्रीझिंग हा बराचसा विकलेला दिलासा आहे. २०१५ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या डोनर एग्जचे आकडे आले होते, त्या वर्षीच्या नाही, २०१३ च्या सायकल्सचे. ताज्या बीजांत दर ट्रान्सफरमागे (एम्ब्रियो गर्भाशयात सोडण्यामागे) ५६ टक्क्यांना मूल झालं, गोठवलेल्यांत ४७ टक्क्यांना. म्हणजे फरक आहे. डोनर म्हणजे तरुण मुली, तरी एवढा फरक. मग क्लिनिकवाले काहीच फरक नाही असं छातीठोक कसं सांगतात? आम्ही दोन सायकली केल्यात, पैसा गेला त्याचं नाही एवढं, पण कोणी सरळ आकडा सांगत नाही याची चीड येते.

पेट्रीडिश
रात्रपाळीसारखंच झालंय, आत्ता घरी आले, पण माधवीताईंचं वाचून झोप येईना. मी १२ वर्षं एम्ब्रियॉलॉजी लॅबमध्ये आहे, बडोद्यातच. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या केसबद्दल शेवटचा शब्द माझा नाही, पण बीज गोठतं तेव्हा काय होतं ते मी रोज डोळ्याने बघते, ते सांगते.

स्त्रीबीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, मिलिमीटरच्या साधारण एक दशांश एवढी, आणि आत पाणीच पाणी. पाणी सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक होतात आणि ते आतून सगळं फाडतात. फ्रीजरमध्ये ठेवलेली कोथिंबीर बाहेर काढल्यावर लिबलिबीत होते ना, तेच. म्हणून जुन्या सावकाश गोठवण्याच्या पद्धतीत बीजं टिकायची नाहीत. गोठवलेल्या बीजापासून पहिलं बाळ १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात झालं खरं, ख्रिस्तोफर चेन यांनी केलं होतं, पण त्यानंतर कितीतरी वर्षं हे काम रखडलंच होतं.

आता जे करतो ते व्हिट्रिफिकेशन, म्हणजे बीजाची काच करणं. चिक्कीचा पाक आठवा. पाक जमून आल्यावर पटकन ओतून गार केला तर काचेसारखा पारदर्शक होतो, रेंगाळला, ढवळत बसलो तर साखरतो. आम्ही तेच करतो, आधी बीजातलं पाणी काढून एथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ आणि चक्क साखरेच्या द्रावणात त्याला मुरवतो, मग एका बारीक पट्टीवर जेमतेम थेंबभर द्रवात ठेवून सरळ लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्री. एवढ्या वेगात स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. जपानच्या कुवायामांनी २००५ च्या सुमाराला ही बारीक पट्टीची पद्धत बसवली आणि मग चित्र पालटलं. अमेरिकेच्या एएसआरएम या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये त्याचा प्रायोगिक हा शिक्का काढला.

आता बीजाला काय सोसावं लागतं. एक तर काही बीजं बाहेर काढताना फुटतात किंवा काळवंडतात, तुमची ९ जगली म्हणजे चांगल्या लॅबचा आकडा आहे. दुसरं, बीजाच्या आत गुणसूत्रं धरून ठेवणारा धाग्यांचा एक सांगाडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात, तो थंडीने विस्कटतो. ३७ डिग्रीत आणल्यावर दोन तीन तासांत परत विणला जातो, म्हणून आम्ही बाहेर काढल्याबरोबर इक्सी, म्हणजे सुईने एक शुक्राणू बीजात सोडणं, करत नाही, थांबतो. तिसरं, बीजाभोवतीचं कवच थोडं कडक होतं, शुक्राणू आपण होऊन आत शिरायला अडचण येते, म्हणूनच फ्रोझन एग्जना इक्सी करावीच लागते.

आणि आता तुमचा मुख्य प्रश्न. स्पेनमधल्या आना कोबो यांच्या गटाने २०१७ मध्ये इन्क्युबेटरमध्ये कॅमेरा लावून, टाइम लॅप्सवर, ताज्या आणि गोठवलेल्या बीजांचे एम्ब्रियो मोजले. गोठवलेल्यांना उशीर होतो हे खरं निघालं. पण किती? पहिल्या विभाजनापासून ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत सुमारे एक तास. एक तास ताई, एक दिवस नाही. एम्ब्रियोची प्रत सारखीच होती. त्यामुळे सहाव्या दिवशी आलेल्या ब्लास्टोसिस्टचं खापर फ्रीझिंगवर फोडणं मला पटत नाही. ताज्या बीजांच्या सायकलमध्येही सहाव्या दिवसाची ब्लास्टोसिस्ट आम्हाला सारखी दिसतात.

आणखी एक, ६ फर्टिलाइझ झाली आणि ३ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे निम्मी. हा अगदी रीतसर आकडा आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का हे?

माधवी_मांजलपूर
नाही हो, कोणीच नाही. मी ११ मधून ३ असंच धरून बसले होते. एक तास. हे दहा वेळा वाचलं.

आणंदकर
मी डॉक्टर नाही, आणंदच्या बाजूला डेअरीत कृत्रिम रेतनाच्या कामात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. नायट्रोजनच्या कंटेनरशी आयुष्य गेलं म्हणून लिहितोय. बैलाच्या वीर्याची एक स्ट्रॉ, पाव मिली, त्यात साधारण दोन कोटी शुक्राणू. गोठवताना आणि ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट सोडवताना त्यातले निम्मे मेले तरी गाय गाभण राहते, कारण उरलेले कोटभर आहेतच. शुक्राणूत पाणी नावाला. तुमच्या बीजाचं तसं नाही, एक बीज म्हणजे एकच संधी आणि तेही पाण्याने भरलेलं. म्हणून हे किती नाजूक काम आहे ते आम्हाला कळतं.

शिळेपणाबद्दल मात्र अनुभवाने सांगतो. आमच्याकडे बैल मरून वर्षं लोटल्यावर त्याच्या स्ट्रॉ वापरल्यात आणि वासरं टुणटुणीत झालीत. नायट्रोजनची पातळी खाली गेली नाही तर आत काळ सरकत नाही. धोका असतो तो हलगर्जीपणाचा, कंटेनरमध्ये काठी बुडवून पातळी बघायची ती एखाद्याने टाळली की खेळ खलास. तेवढं तुमच्या लॅबला जरूर विचारा, नायट्रोजन कोण तपासतं, किती वेळा, अलार्म आहे का.

पेट्रीडिश
काका, अगदी बरोबर. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला टाकीचं तापमान चढलं आणि चार हजारांवर बीजं आणि भ्रूणं गेली. साठवणुकीच्या वर्षांनी नुकसान होत नाही, हलगर्जीपणाने होतं. एम्ब्रियोच्या बाबतीत तर १९९२ साली गोठवलेल्यांतून २०२२ मध्ये जुळी बाळं झालीत.

तन्मय, तुमच्या आकड्याला मी बगल देणार नाही. तो आकडा खरा आहे. उलट बाजूने कोबोंचाच २०१० चा अभ्यास आहे, ६०० जणींचा, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली, त्यात ताज्या बीजांत चालू गर्भधारणा ४१.७ टक्के आणि गोठवलेल्यांत ४३.७, म्हणजे फरक नाहीच. मग एकीकडे फरक नाही आणि दुसरीकडे ९ टक्क्यांचा, असं का? एक म्हणजे पहिला अभ्यास एका मुरलेल्या लॅबचा, दुसरा देशभरातल्या बऱ्यावाईट सगळ्या लॅबचा. दुसरं, बँकेतून फ्रोझन डोनर एग्ज घेताना बहुतेकींना सहा आठच मिळतात, ताज्या सायकलमध्ये निघतील तेवढी सगळी, म्हणजे निवडायला एम्ब्रियो जास्त. पण पहिलं कारण मोठं आहे असं माझं मत. हातावर फार अवलंबून आहे हो हे काम. बीज द्रावणात अर्धा मिनिट जास्त राहिलं तरी फरक पडतो. म्हणून कोणत्याही क्लिनिकला जगातला सक्सेस रेट विचारू नका, विचारा की तुमच्याच लॅबमध्ये गेल्या वर्षी किती बीजं बाहेर काढली आणि किती जगली.

तन्मय_गोत्री
हे उत्तर मला दोन क्लिनिकांत कोणी दिलं नाही. आभार. विकलेला दिलासा हा शब्द सगळ्यांना लावला तो जरा जास्त झाला. पण तो लॅबचा आकडा कोणी स्वतःहून देत नाही हे कायम.

सुलूमावशी_दांडियाबाजार
माझी भाची अमेरिकेत आहे, तिला तिथे सांगितलं की फ्रोझनची बाळं वजनाने मोठी होतात आणि आईला बीपी होतं. मग हे धोक्याचं नाही का? माधवीला घाबरवायचं नाही, पण विचारून घ्यावं.

पेट्रीडिश
मावशी, चांगलं केलंत विचारलंत, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. ते एम्ब्रियो फ्रीझ करून नंतर ट्रान्सफर करण्याबद्दल आहे, बीज फ्रीझ करण्याबद्दल नाही. फ्रोझन एम्ब्रियो ट्रान्सफरनंतरची बाळं थोडी जास्त वजनाची असतात आणि आईला गरोदरपणात बीपीचा त्रास जास्त दिसतो हे खरं आहे, विशेषतः जिथे गर्भाशयाचं अस्तर पूर्ण हार्मोनच्या गोळ्यांवर तयार करतात आणि स्वतःचं बीज फुटत नाही त्या सायकलमध्ये. पाळी नियमित असेल तर नॅचरल सायकलमध्ये ट्रान्सफर होईल का हे माधवीताईंनी जरूर विचारावं, हा प्रश्न त्यांच्या कामाचा आहे.

बीज गोठवून झालेल्या बाळांचं म्हणाल तर २००९ मध्ये नोयेस आणि सहकाऱ्यांनी ९३६ बाळांची नोंद एकत्र केली, जन्मजात दोष १२ बाळांत, म्हणजे १.३ टक्के, नेहमीच्या बाळांपेक्षा जास्त नाही. त्याआधी २००८ मध्ये व्हिट्रिफिकेशनच्या २०० बाळांचा अभ्यास होता, त्यात २.५ टक्के, तोही नेहमीचाच आकडा. ही बाळं वयाने अजून लहानच आहेत, साठीतलं कोणी नाही, तेव्हा जन्मभराचं कोणी लिहून देऊ शकत नाही, पण जन्माच्या वेळचं चित्र आश्वासक आहे.

आता ते शिळं म्हणणं. बीज शिळं होतं ते बाईच्या वयाने, टाकीतल्या वर्षांनी नाही. जन्माच्या आधीपासून बीजं अंडाशयात थांबलेली असतात, त्यातली गुणसूत्रं बांधून ठेवणारी प्रथिनं वर्षानुवर्षं झिजतात, म्हणून पस्तिशीनंतर गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात. तीच चूक एम्ब्रियो अडण्याचं आणि गर्भपाताचं मोठं कारण. फ्रीझिंगने अशा चुका वाढतात का हेही एकाच बाईची काही बीजं गोठवून आणि काही न गोठवता तपासलंय, २०१२ मध्ये, वाढत नाहीत. तुमची बीजं ३३ ची आहेत ताई, आज तुम्ही ३९ च्या असलात तरी. स्पेनमधल्याच २०१६ च्या अभ्यासात ३५ पर्यंत गोठवलेली १० बीजं वापरणाऱ्यांत मूल होण्याची एकूण शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास होती आणि ३५ नंतर गोठवलेल्यांत ३० च्या आसपास. तेवढीच बीजं, तीच पद्धत, फरक फक्त वयाचा.

निशिगंधा_कारेलीबाग
इथे मला थोडं लिहायचंय. माझ्या धाकट्या बहिणीला २६ व्या वर्षी कॅन्सर निघाला, केमो सुरू करायच्या आधी दोन आठवडे मिळाले, त्यात इंजेक्शनं घेऊन ८ बीजं ठेवली. पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं हे तेव्हा कळलं. आज ती ठणठणीत आहे, नोकरी करते, पण त्या आठ बीजांबद्दल बोलणं निघालं की गप्प होते. मी तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे ती अजून २६ चीच आहेत? पेट्रीडिश ताई, किती वर्षं ठेवता येतात? दहा वर्षांचा कायदा आहे म्हणतात.

पेट्रीडिश
हो, २६ चीच. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

२०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यात एम्ब्रियो आणि दात्यांची बीजं यांना जास्तीत जास्त १० वर्षं असं आहे. तुमच्या बहिणीच्या स्वतःच्या बीजांबद्दल क्लिनिकच्या करारात काय लिहिलंय ते काढून वाचा आणि लेखी खुलासा घ्या, तोंडी सांगण्यावर राहू नका. आणि उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५० हवं हेही त्याच कायद्यात आहे.

रावपुरा_वाडा
एक शंका. एम्ब्रियो स्लो झाला की सगळे बाईच्या बीजाकडेच का बघतात? अर्धं तर नवऱ्याचं असतं ना?

पेट्रीडिश
लाख मोलाचा प्रश्न विचारलात. फर्टिलाइझ झाल्यावर पहिले दोन अडीच दिवस एम्ब्रियो बीजातल्या शिदोरीवर चालतो. आईने बीजात आधीच भरून ठेवलेले निरोप, प्रथिनं, ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया, सगळं तिचंच. चार ते आठ पेशींच्या सुमाराला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या आसपास, एम्ब्रियोची स्वतःची जनुकं जागी होतात, आणि तेव्हापासून वडिलांकडून आलेलं कामाला लागतं. म्हणून फ्रीझिंगने बीजाचं बरंच बिघडलं असतं तर ते साधारण लवकर दिसतं, जगण्यात, फर्टिलाइझ होण्यात, पहिल्या विभाजनांत. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं वेळेवर आणि नंतर रेंगाळलं, तर शुक्राणूंच्या डीएनएकडेही बघायला हवं. हा पुरावा म्हणून नका धरू, संशयाची दिशा म्हणून धरा, कारण गुणसूत्रांच्या चुकाही बऱ्याचदा तिसऱ्या दिवसानंतरच एम्ब्रियोला अडवतात आणि त्या बीजातूनही येतात. माधवीताई, लॅबकडे रोजच्या नोंदींचा कागद असतो. तो मागा, तुमचा हक्क आहे. बाहेर काढल्यावर किती तासांनी इक्सी केली, तिसऱ्या दिवशी किती पेशी होत्या, हे बघा.

सुलूमावशी_दांडियाबाजार
आमच्या वेळी तर नवऱ्याला तपासायला न्यायचं म्हणजे घरात भूकंप. माझ्या जावेने अकरा वर्षं उपासतापास केले, दोष भलतीकडेच होता. माधवी, कागद आण गं बाई.

माधवी_मांजलपूर
चार दिवसांनी लिहितेय. कागद मिळाला. आधी म्हणाले पेशंटला देत नाही, मग अर्ज लिहून दिला तेव्हा लॅबमधल्या मुलीने बाहेर येऊन सगळं नीट समजावलं, तिचे फार आभार मानले मी. थॉ केल्यावर अडीच तासांनी इक्सी. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा एम्ब्रियो सात ते आठ पेशींचे. म्हणजे तोपर्यंत एकही मागे नव्हता! चौथ्या दिवशी तीन थांबले आणि दोन रेंगाळले. लॅबचा गेल्या वर्षीचा जगण्याचा आकडाही विचारला, तो त्यांनी तोंडी सांगितला, लिहून नाही दिला. नायट्रोजन रोज दोनदा बघतात आणि मोबाइलवर अलार्म येतो. डॉक्टरांनाही भेटले. एक तास आणि एक दिवस हा फरक मी सांगितला तर क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, मी तेव्हा ढोबळ बोललो. बरं वाटलं. पाळी नियमित असल्याने नॅचरल सायकलमध्ये ट्रान्सफर करू म्हणाले, आधी पाचव्या दिवसाचं.

काल संध्याकाळी सयाजीबागेत चक्कर मारताना नवऱ्याला कागद दाखवला. जनुकं तिसऱ्या दिवशी जागी होतात हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, माझी डीएनएची टेस्ट मीच बुक करतो, आणि ऑफिसखालची सिगारेट आजपासून बंद. मी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या मावशींना फोनही त्यानेच केला, मी स्वयंपाकघरात होते, मला एवढंच ऐकू आलं की मावशी, बीज तेहतीस वर्षांच्या मुलीचं आहे.

पेट्रीडिश ताई, त्या टेस्टला सँपल देताना किती दिवसांचं अंतर ठेवायचं असतं? आणि ट्रान्सफर टेस्टच्या रिपोर्टसाठी थांबवायची का?

पेट्रीडिश
साधारण दोन ते सात दिवसांचं सांगतात, डीएनएच्या टेस्टला फार लांबवू नका, लॅब जे सांगेल ते पाळा. ट्रान्सफर थांबवायचं कारण मला दिसत नाही, हे तीन एम्ब्रियो तयारच आहेत, रिपोर्टने ते बदलणार नाहीत. टेस्टचा उपयोग झाला तर पुढे लागलंच तर होईल, आणि नवीन शुक्राणू तयार व्हायला तसेही अडीच तीन महिने लागतात, तेव्हा सिगारेट सुटलेली असू दे. नॅचरल सायकलमध्ये सोनोग्राफीच्या तारखा चुकवू नका, बीज कधी फुटतं त्यावरून दिवस ठरतो.

माधवी_मांजलपूर
ठीक आहे. पहिली सोनोग्राफी पाळीच्या दहाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या गुरुवारी. सुट्टी टाकलीय.